नादारीच्या अर्जातली म्हैस

१

गुरुसिद्ध गवळी ऑफिसात शिरला तेव्हा त्याच्या हातात नुसतं दावं होतं.

“मॅडम, मामलेदारीण गेली,” तो म्हणाला आणि समोरची खुर्ची सोडून फरशीवरच बसला.

नवख्या माणसाला वाटेल, कुणी सरकारी बाई वारली. मामलेदारीण ही गुरुसिद्धची म्हैस. गंगावेशीतून चालताना ती कुणासाठी बाजूला व्हायची नाही, एसटीसाठीसुद्धा नाही, म्हणून गल्लीनं तिला हे नाव दिलेलं. गोठ्यात तीच एक उरली होती. बाकीच्या कर्जापायी विकल्या गेल्या होत्या.

मी गणपतराव. कोल्हापूरच्या कोर्टात बेलिफ होतो, म्हणजे देणेकऱ्याच्या दारात जप्ती घेऊन उभा राहणारा माणूस. रिटायर झाल्यावर घरी बसून बायकोचं ऐकण्यापेक्षा ॲडव्होकेट संघप्रिया माणगावकर यांच्याकडे कारकून झालो. बाई वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण मी त्यांना मॅडमच म्हणतो. जप्तीच्या नोकरीनं मला एकच शिकवलं, माणूस वस्तू लपवतो. धान्याच्या कणगीतनं मी टीव्ही शोधून काढलाय. एका घरात शिवणयंत्रावर चादर टाकून “आजी आजारी हाय, जवळ जाऊ नका” असं सांगितलं होतं. त्या आजीला मीच उचलून बाहेर आणली. त्यामुळे समोर कुणी रडायला लागलं की मला आधी त्याच्या गादीखाली काय असेल तेच दिसतं.

“दावं तुटलंय का?” मॅडमनी विचारलं.

“न्हाय. सोडलंय. काल सकाळी रतीब घालून आलो, बघतो तर खुंटा मोकळा. रातपतूर हुडकली. आमची मंडळी शांतव्वा म्हनती, मी च्या ठेवाय आत गेलतो, तेवढ्यात कुनीतरी सोडली.”

मी मॅडमकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत जे होतं ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी समोरच्या शेंगांची पुडी माझ्याकडे सरकवली. मी गप्प बसावं असं वाटलं की त्या मला शेंगा देतात.

प्रकरण साधं नव्हतं. गुरुसिद्धनं स्वतःसाठी फारसं कर्ज काढलंच नव्हतं. त्याचा दोष एवढाच, की त्याला नाही म्हणता येत नव्हतं. आमच्याकडे पतसंस्थेचं कर्ज घ्यायचं तर जामीनदार लागतो, आणि गंगावेशीत निम्म्या कर्जांना जामीनदार गुरुसिद्ध होता. “सही कर की गुरु” म्हटलं की तो दुधाचा हात धोतराला पुसून सही करायचा. कुणाचा टेम्पो बुडाला, कुणाचं केबल बुडालं, जोतीराम पैलवानाची तर अख्खी जिम बुडाली. घेणारे निवांत झोपले आणि संस्थांनी गुरुसिद्धचं दार धरलं. त्यांची तोंडं बंद करायला त्यानं गल्लीत व्याजानं पैसे देणाऱ्या चिमणाबाईकडून हातउसने घेतले. चिमणाबाईनं कोर्टातून हुकूमनामा आणला. येत्या सोमवारी पैसे भरले नाहीत, तर गुरुसिद्धची रवानगी दिवाणी तुरुंगात होणार होती.

यावर मॅडमनी एक रस्ता सुचवला होता. नादारीचा अर्ज करायचा. कोर्टाला सरळ सांगायचं, माझ्याकडे एवढंच आहे, देणं याच्या कितीतरी पट आहे, माझ्यानं होत नाही. जे आहे ते घ्या, सगळ्यांत वाटून टाका आणि मला यातून सोडवा.

गुरुसिद्धचा निर्णय होत नव्हता. महिनाभर तो ऑफिसात यायचा, पेन हातात घ्यायचा, “उद्या बघू की” म्हणून जायचा. देवाला कौल लावला, तर एकदा उजवीकडचं फूल पडलं, एकदा डावीकडचं. तिसऱ्यांदा गुरवानंच त्याला बाहेर काढलं. शेवटी मंगळवारी तो “करूया” म्हणाला. आणि बुधवारी म्हैस नाहीशी.

“मॅडम, म्हैस नसली म्हणून काय झालं? अर्जातनं तेवढी वगळायची,” मी म्हणालो.

“गणपतराव, चिमणाबाई पहिल्याच तारखेला विचारणार, म्हैस कुठं आहे? अर्जदारानं मालमत्ता लपवली असं ठरलं तर अर्ज जातो आणि हा माणूसही जातो. सोमवारपर्यंत म्हैस सापडलीच पाहिजे.” त्यांनी बॅग उचलली. “पोलिसांत नको. आधी गोठा बघू.”

गोठ्यात आमच्या आधीच कुणीतरी येऊन बसलं होतं.

२

खुंट्याशेजारी पाट टाकून चिमणाबाई बसली होती. ठुशी, नथ, हातात पानाची चंची, आणि आवाज पार घाटावर ऐकू जाईल असा.

“आलासा व्हय वकीलीणबाई? बगा, बगा ह्येचं नाटक! उद्या नादार व्हायचं आन आज म्हैस गडप! लपिवली आसनार कुठंतरी पावण्याच्यात.”

“चिमणाबाई, तुम्हीच नाही ना नेली?” मॅडमनी शांतपणे विचारलं.

चिमणाबाईनं पान थुंकलं. “मी? माझ्याकडं आसती तर माझ्या दारात बांधून, शिंगांला रंग लावून गल्लीला पेढे वाटलो आस्तो. लपवायला मी काय देनं लागतो कुनाचं?”

हे मला पटलं, आणि पटलं म्हणून वाईट वाटलं, कारण माझा पहिला संशय तिच्यावरच होता.

शांतव्वा, गुरुसिद्धची बायको, उंबऱ्यात बसून रडत होती. डोळ्याला पदर, आवाज चढता.

“काय लक्षुमी हुती वो! लोक काय म्हंतील? आमचं नाव गेलं, आता तोंड कुठं दाखवू? केवढ्याला घेतलेली म्हैस! आता दसऱ्याला काय सजवू?”

बाई चांगल्या रडत होत्या. मी भिंतीकडे बघत होतो, कारण जप्तीच्या नोकरीत रडणाऱ्याकडे न बघायची सवय लागते. गोठा स्वच्छ होता. वैरण, चरवी, पाण्याची बारडी, आणि दाराच्या आत एक रिकामी खुंटी. भिंतीला त्या खुंटीखाली मोठा ओलसर डाग होता.

“म्हैस दूध देत होती का अजून?” मॅडमनी विचारलं.

“देती म्हंजे! पर हिच्याशिवाय कुनाला न्हाय,” गुरुसिद्ध बायकोकडे हात करून म्हणाला. “रेडकू गेलं तवाधरनं हिच्या हिरव्या लुगड्याच्या वासाशिवाय पान्हाच सोडत न्हाय. मागं ही निपाणीला म्हायेरी गेल्ती तवा मला नेसाय लागलं हुतं त्ये. पदरबिदर घेऊन बसलो धारंला, आन नेमकी तवाच तालमीतली पोरं दारात. सनाला पण आटवन काढत्यात भडवी.”

मी हसलो. चिमणाबाईसुद्धा हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्या शांतव्वाकडे बघत होत्या. शांतव्वाचं रडणं मध्येच थांबलं होतं, आणि मग जरा जास्तच जोरात सुरू झालं.

“काल सकाळी गल्लीत कुणी परका माणूस दिसला का?” मॅडमनी शेजाऱ्यांना विचारलं.

कुणालाच काही दिसलं नव्हतं. म्हशी रोजच्यासारख्या पंचगंगेला धुवायला गेल्या आणि आल्या, एवढंच.

इतक्यात दारात मोटारसायकल थांबली आणि एक माणूस आत येऊन ओरडला, “बरं झालं म्हैस गेली!”

३

हा शशिधर, गुरुसिद्धचा धाकटा भाऊ. वारणानगरला नोकरीला, तिथंच कॉलनीत राहणारा, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. गवळ्याच्या घरात जन्मून शेणाचा वास न सोसणारा.

“अण्णा, मी तुला किती वेळा सांगितलं, नादारी घेऊ नको! माझ्या पोरीची, भूमिकाची, सोयरीक ठरत आलीय. पोराकडची मानसं विचारतील, चुलता काय करतो? काय सांगू, दिवाळं काढून बसलाय?”

“आन जेलात बसलाय म्हनून सांगितलं तर चालंल व्हय?” गुरुसिद्ध म्हणाला.

 मला म्हशीचं उत्तर मिळालं होतं. मी मॅडमना कोपऱ्यात नेलं. “हाच! म्हैस गायब, म्हणजे अर्ज अडला, म्हणजे सोयरीक वाचली. आत्ता कॉलनीत जाऊन धरू.”

“कॉलनीत म्हैस? कुठं, गॅलरीत?” मॅडम म्हणाल्या. तरी त्यांनी शशिधरला विचारलंच, “बुधवारपासून कुठं होतात?”

“ड्युटीवर. विचारा साहेबांना. आणि मी त्या म्हशीला कशाला हात लावू? लहानपणी हिच्या आज्जीनं मला लाथ घातलीय.” त्यानं पँटची घडी वर करून नडगीवरची जुनी खूण दाखवली. “शिवाय ती असली म्हैस लपवणार कशी? धार काढायची वेळ टळली की रेकून आळी डोक्यावर घेती. कास तटतटली की शेजारचं गाव गोळा करंल. जिथं आसंल तिथं आतापर्यंत बोंब झाली पाहिजे होती.”

मॅडमनी हातातली शेंग न फोडता पुडीत परत टाकली. त्यांच्याबरोबर काम करायला लागल्यापासून मी असं पहिल्यांदाच पाहिलं.

“गुरुसिद्धाप्पा, ज्यांच्यासाठी तुम्ही जामीन राहिलात त्यांतलं सगळ्यांत मोठं कर्ज कुणाचं?”

“जोतीरामचं. पर त्यो माझा जिवाचा दोस्त हाय मॅडम. त्याच्यावर संशय घेऊ नका.”

“घेत नाही. चहाला जाऊन येतो,” मॅडम म्हणाल्या.

४

जोतीराम पैलवान गडमुडशिंगीचा. एकेकाळी त्याचं नाव ऐकून मैदानात समोरचा पैलवान लंगोट सैल करायचा म्हणे. आता पोट पुढे आलेलं, मिशा मात्र तशाच, टोकदार. कुस्ती सुटल्यावर याच्या डोक्यात जिम शिरली. मुंबईहून यंत्रं आणली, पळायचा पट्टा आणला, भिंतीभर आरसे लावले, आणि रस्त्याला ‘जय हनुमान मॉडर्न जिम’ अशी पाटी लावली. तालमींच्या मुलखात हा उद्योग! पोरं आली, आरशात मिशा बघून गेली आणि संध्याकाळी परत तालमीतल्या लाल मातीत उतरली. वीजबिल थकलं, बोर्डानं वायर तोडली, शटर खाली आलं. त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं. ही सगळी कथा रिक्षावाल्यानंच आम्हांला जाताना सांगितली. मुडशिंगीत ती लहान पोरांनाही पाठ होती.

जोतीराम दारातच बसला होता. आम्हांला बघून उठला, आणि उठताना कण्हला. उजवा पाय टेकवत नव्हता.

“या की, या मॅडम. बसा पावणं.”

“पायाला काय झालं?” मी विचारलं.

“काय न्हाय ओ. काल जिममधल्या पट्ट्यावर पळाय गेलो, पट्टा जोरात सुटला, पडलो.”

मॅडमनी म्हैस गेल्याचं सांगितलं. जोतीरामनं डोळे एवढे मोठे केले, की मिशाही वर गेल्या. “काय सांगतासा! मामलेदारीण? कुनी नेली आसंल?” मग मान खाली घालून म्हणाला, “गुरुसिद्ध लई चांगला मानूस. म्या त्याचं वाटोळं केलं बगा. माझ्यापायी त्यो कोर्टात चाललाय.”

हे तो खोटं बोलत नव्हता. हे बोलताना त्याचा आवाज खरोखर फुटला.

त्याची बायको झुंबरबाई चहा घेऊन आली. काय चहा होता! कपावर बोटभर साय, खाली घट्ट, वेलदोडा घातलेला. मी एक संपवला, दुसरा मागितला.

“दूध कुठलं हो वैनी?” मी म्हणालो.

“आपलं… गावातलंच,” झुंबरबाई म्हणाल्या आणि कप घेऊन घाईनं आत गेल्या.

मॅडमनी अंगणात नजर फिरवली. गोठा नव्हता, वैरण नव्हती, कोंबडीसुद्धा नव्हती. पलीकडे जिमचं शटर बंद, त्याला मोठं कुलूप.

“जिम बघता येईल?” त्यांनी विचारलं.

“किल्ली… किल्ली मेव्हन्याकडं हाय. इचलकरंजीला. यंत्रमागाच्या शेडात कामाला हाय त्यो, आठवड्यानं येतोय.”

“असू दे. येतो आम्ही.”

रिक्षात बसल्यावर मी म्हणालो, “हा माणूस निर्दोष आहे मॅडम. एवढा चांगला चहा पाजणारा चोर मी बघितलेला नाही.”

“चहा चांगला होता म्हणूनच तो चोर आहे,” मॅडम म्हणाल्या. “शनिवारी संध्याकाळी परत येऊ. धारेच्या वेळेला. गुरुसिद्ध आणि शांतव्वांनाही आणू.”

“आत्ता का नको? उद्याच का नको?”

“कारण उद्या मला कोर्ट आहे, आणि म्हैस तिथं मजेत आहे.”

५

शनिवारी दिवस कलताना आम्ही चौघं मुडशिंगीला उतरलो. शांतव्वा वाटभर रस्त्याकडेच बघत होत्या. गुरुसिद्ध पाचपाच मिनिटांनी “पर जोतीराम कशाला नेईल?” एवढंच म्हणत होता.

जिमचं कुलूप काढलेलं होतं. शटर खालीच, पण आतून बारीक आवाज येत होता. चुर्र, चुर्र. बादलीत धार पडत असल्याचा आवाज गवळ्याला ओळखायला वेळ लागत नाही. गुरुसिद्धनं दोन्ही हातांनी शटर धरलं आणि वर लोटलं.

भिंतीभर आरसे होते, त्यामुळे आम्हांला एक नाही, सात-आठ म्हशी दिसल्या. मामलेदारीण वजनं उचलायच्या यंत्राला बांधलेली, पळायच्या पट्ट्यावर कडबा पसरलेला, ती निवांत रवंथ करत होती. आणि तिच्या पोटाशी उकिडवा बसलेला होता जोतीराम पैलवान. अंगावर हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, पदरातून बाहेर आलेल्या दोन टोकदार मिशा, गुडघ्यांत बादली. आरशांमुळे तोही सात-आठ ठिकाणी बसला होता.

 जोतीरामनं आमच्याकडे न बघता हलक्या आवाजात सांगितलं, “शटर खाली घ्या. दचकली तर लाथ घालती.”

आम्ही शटर खाली घेतलं. धार संपेपर्यंत मॅडमनी कुणाला बोलू दिलं नाही. म्हशीची धार मध्येच अडवून चालणार नव्हतं.

६

“शशिधर म्हणाले, म्हैस कुठंही असली तरी रेकून बोंब करेल,” मॅडम व्यायामाच्या बाकावर बसून सांगू लागल्या. “बोंब झाली नाही. म्हणजे कुणीतरी तिची धार काढत होतं. आणि ही म्हैस फक्त शांतव्वांना, नाहीतर त्यांच्या हिरव्या लुगड्याला दूध देते. गोठ्यातली खुंटी रिकामी होती. खाली डाग होता, म्हणजे तिथं रोज काहीतरी ओलं टांगलं जायचं. धारेचं लुगडं. चोरानं म्हैस नेली हे समजू शकते, पण त्यानं ओलं लुगडं आठवणीनं का न्यावं?”

शांतव्वा भिंतीला टेकून खाली बसल्या.

“आणि शांतव्वा, तुम्ही किमतीसाठी रडलात, अब्रूसाठी रडलात, दसऱ्यासाठी रडलात. पण ‘तिची धार कोण काढंल’ हे एकदाही म्हणाला नाहीत. गवळ्याच्या घरात म्हैस हरवली तर पहिलं तेच तोंडातून येईल. तुम्हांला ती काळजी नव्हती, कारण तुम्ही सोय करून ठेवली होती. म्हैस चोरानं सोडलीच नाही. रोजच्यासारखी तुम्हीच नदीला नेली. गल्लीनं पाहिलं असेल, पण रोजचं दिसणं कुणाच्या ध्यानात राहतं? घाटावर टेम्पो होता.”

“माझा न्हाय, मेव्हन्याचा,” जोतीराम म्हणाला. त्याला लुगडं सोडायचं भान नव्हतं.

“आता तुमचं. जिमची वीज वर्षापूर्वी तुटलीय, मग पळायचा पट्टा कसा सुटला? लाथ बसली असणार. पहिल्या दिवशी लुगडं नीट नेसला नसाल. घरात जनावर नाही आणि चहावर बोटभर साय. गणपतरावांनी दोन कप घेतले तेव्हाच माझी खात्री झाली.”

मी आरशात बघितलं. तिथंही मीच दिसलो, म्हणून खाली बघितलं.

“गुरु,” जोतीराम म्हणाला, “म्या तुला बुडिवलं. ह्या लोखंडाच्या नादात. तू सही करताना इचारलंबी न्हाईस, कशासाठी म्हनून. पैका द्यायची माझी ऐपत न्हाय. म्हटलं, म्हैस तरी वाचवावी. कोर्टाचं सगळं झालं की रातोरात परत आनून बांधनार हुतो.”

“त्येचा काय दोष न्हाय,” शांतव्वा म्हणाल्या. “मीच बोलावलो त्येला. तुमी समदं लिवून देनार. तुमाला न्हाय म्हनता येत न्हाय, कोर्टालाबी येनार न्हाय. मग खायचं काय आमी?”

मॅडमनी पेन काढलं नाही. त्या गुरुसिद्धकडे वळल्या.

“शपथ अजून घेतलेली नाही, त्यामुळे अजून काही बिघडलेलं नाही. पण आता ठरवायला लागेल. म्हैस इथंच ठेवून अर्ज केलात, तर ती खोटी शपथ. त्यात मी नाही. अर्जच केला नाहीत, तर सोमवारी तुरुंग. अर्ज केलात आणि म्हैस लिहिलीत, तर मी कोर्टाला सांगेन की म्हैस हे गवळ्याचं हत्यार आहे, सुताराच्या करवतीसारखं, ते घेऊ नका. ऐकतीलच असं नाही. म्हैस जाऊ शकते. सल्ला मी देते, सही तुमची.”

गुरुसिद्ध म्हशीजवळ गेला, तिच्या मानेवरून हात फिरवला.  मला वाटलं, आता हा परत म्हणणार, उद्या बघू की.

“शांते,” तो म्हणाला, “शेजारनीची वाटीबी तू कधी मोकळी परत दिली न्हाईस. आन आज चोरी केलीस. ह्यो गडी, मैदानात कधी कुनाला सोताची पाठ टेकवू दिली न्हाय, त्यो हितं लुगडं नेसून बसलाय. कशापायी? तर माझ्यापायी, माझं चार लोकांत बरं दिसावं म्हनून.” त्याचा आवाज चढला, मग एकदम उतरला. “मला भ्या काय हुतं ठावं हाय मॅडम? नादार झालो की दारात कोन यायचं न्हाय. आन हितं बघतो तर मानसं चोऱ्या कराय लागल्यात माझ्यासाठी. मग कशाला भ्यायचं? लिवा. म्हैस पयल्यांदा लिवा.”

मी डोळे पुसायला पाठ फिरवली. पण भिंतीभर आरसे होते, लपणार कुठं?

मामलेदारीण मुडशिंगीहून चालतच घरी आली, भर रस्त्यानं, कुणासाठी बाजूला न होता.

७

सोमवारी अर्ज दाखल झाला आणि अटक थांबली. म्हशीचा निकाल लागेपर्यंत तिला सांभाळायचं कुणी, असा प्रश्न आला. कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरसाहेबांनी स्वतः जाऊन पाहणी केली, जवळ जाऊन लाथ खाल्ली, आणि शांतव्वांकडूनच सांभाळायची हमी लिहून घेतली. शशिधर आठवडाभर रुसला. मग भूमिकाच्या होणाऱ्या सासरचे लोक एकदा आमच्या ऑफिसात आले. मला वाटलं, सोयरीक मोडायला आले. त्यांना मुलाच्या काकांसाठी नादारीची माहिती हवी होती. तेही जामीनच राहिले होते. सोयरीक त्याच दुपारी पक्की झाली.

पुढं गुरुसिद्धची शपथेवर तपासणी झाली. कोर्ट भरलं होतं. गंगावेशीतले गवळी आले होते, पुढच्या बाकावर चिमणाबाई नथ सावरून बसली होती. जोतीरामला बसायचा धीर झाला नाही. तो दारात उभा होता, मिशा खाली पाडून.

चिमणाबाईच्या वकिलांनी उलटतपासणी घेतली. म्हैस मध्यंतरी कुठं होती, हे गुरुसिद्धनं सगळं सांगितलं, लुगड्यासकट. न्यायाधीशसाहेबांनी रुमालानं तोंड पुसलं आणि पुसतच राहिले. वकील चिडले.

“शपथेवर सांगा. या म्हशीशिवाय आणि घरातल्या भांड्यांशिवाय तुमच्याकडे आणखी काही मालमत्ता आहे? जी अर्जात लिहिलेली नाही? नीट आठवून सांगा!”

गुरुसिद्धनं खरंच आठवलं. मॅडमची शेंग हातातच राहिली. मग तो दाराकडे वळला आणि त्यानं बोट दाखवलं.

“ह्यो एक हाय साहेब. जोतीराम. लिवायचा ऱ्हायला.”

सगळ्या कोर्टानं वळून बघितलं. जोतीरामनं डोळ्यांवर दोन्ही हात घेतले.

“पर लिलावात ह्येला कोन घेनार न्हाय,” गुरुसिद्ध हात जोडून म्हणाला. “तुमची हरकत नसंल तर माझ्याकडंच ठिवतो.”